कासाला कास म्हणा

(दृश्य : कन्हान नदीचं पात्र, पहाट, धुकं)

सूर्य उगवायला अजून दहा-पंधरा मिनिटं आहेत. तरी पात्रातली वाळूची बेटं एकेक करून ओळखू येऊ लागली आहेत, कारण प्रत्येक बेटाच्या माथ्यावर काहीतरी पांढरं हलतंय. हा कास, नदीकाठचं उंच गवत. नागपूरशेजारी, कामठीजवळ, कन्हानच्या वाळूत, पोळ्याच्या सुमारास त्याला पहिला तुरा येतो आणि दसऱ्यापर्यंत काठच्या काठ पांढरा होतो. कास फुलला की पाऊस परतीला लागला, असं नदीकाठची माणसं अजूनही धरतात. मग सोयाबीन कधी कापायचं, याची बोलणी सुरू होतात.

अशा जागांचे फोटो मोबाइलवर फिरतात, तेव्हा खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं : पॅम्पास. पॅम्पास हे दक्षिण अमेरिकेतलं गवत. अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील हा त्याचा मुलूख. वाळवून, रंगवून ते आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये आणि दुकानांच्या काचेआड येतं. देखणं आहे, वादच नाही. पण कन्हानच्या वाळूत उभा आहे तो कास. तो इथलाच आहे, आणि त्याला नाव आहे.

(दृश्य : कासाचं पान, अगदी जवळून. मग तुरा.)

पान बघा. लांब, अरुंद, मधोमध जाड पांढरी शीर. बुडाशी तर पान म्हणजे जवळजवळ नुसती शीरच. कडेला बारीक दाते आहेत, कणखर, सिलिकाचे. बोट उलटं फिरवलं की कापतं. हे दृश्य घेताना आमच्या कॅमेरामनच्या मनगटावर उठलेले ओरखडे पुढं दोन दिवस होते.

आता तुरा. मधल्या दांड्याभोवती नाजूक फांद्यांची वलयं, फांदीवर जोडीजोडीनं बसलेल्या कणिशिका, म्हणजे फुलांची इवली कणसं, आणि प्रत्येक कणिशिकेच्या बुडाशी रेशमी केसांचा झुबका. आपण लांबून ज्याला कासाचं फूल म्हणतो, ते हे केस. खरं फूल त्यांच्या आत, डोळे बारीक करून शोधावं एवढं. दाणा पिकला की केस पसरतात, कणिशिका सुटते आणि वाऱ्यावर निघते. नदी उतरून ओली वाळू उघडी पडते, त्याच दिवसांत हे चालतं.

(दृश्य : पुरानं कापलेला काठ, उघडी मुळं)

पुरानं इथं काठ उभा कापलाय, म्हणून एरवी न दिसणारी गोष्ट दिसतेय. ही सगळी जाळी कासाच्या जमिनीखालच्या खोडांची आणि मुळांची. प्रत्येक पेराशी कोंब तयार. वरचं गवत कापा, जाळा, गुरांना चारा, ते खालून परत येतं. आणि वाळू बघा, कशी या जाळीत अडकून राहिली आहे. जाळी संपते तिथून पुढं काठ नुसता ढासळलेला दिसतो.

काठाला हे खोड जितकं उपकारक, तितकंच ते शेताला नडलं. मध्य भारताच्या काळ्या जमिनीत कास एकदा शिरला की बैलांच्या नांगराला हार जात नसे. नांगरानं खोडाचे तुकडे व्हायचे आणि तुकड्यातुकड्यातून नवं रोप उठायचं. जमिनीच्या जमिनी पडीक पडल्या. १९४९ साली भारतानं जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, ते जड ट्रॅक्टर आणून अशा जमिनी खोल नांगरण्यासाठी. जागतिक बँकेनं आपल्या देशाला दिलेलं हे दुसरंच कर्ज. पहिलं त्याच वर्षी, रेल्वेसाठी दिलं होतं. तेव्हा आपलं नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होतं. एका गवतासाठी देशानं कर्ज काढलं, आणि त्या मुलखाच्या राजधानीत आज त्या गवताचं नाव सांगता येत नाही, हे आम्हाला फार लागलं.

(दृश्य : रसवंती, चरकाचे घुंगरू)

नागपूरच्या उन्हाळ्यात रसवंतीच्या बाकावर कोण बसत नाही? या ग्लासातही कास आहे. ऊस आणि कास एकाच घराण्यातले. कासाचं शास्त्रीय नाव सॅकरम स्पॉन्टेनियम, आणि हे सॅकरम उसाच्या नावातही आहे. शेतकरी उसाच्या फुलोऱ्यालाही तुराच म्हणतो.

१९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. जाड, गोड, रसदार ऊस उत्तर भारताची थंडी आणि कोरड सोसत नव्हता. तिथलं देशी बेणं काटक होतं, पण बारीक आणि कमी रसाचं. केंद्रातल्या बार्बर आणि वेंकटरामन या दोन शास्त्रज्ञांनी जाड उसाचा संकर थेट रानातल्या कासाशी केला. गोडवा एकाचा, जिद्द दुसऱ्याची. त्यातून निघालेलं को २०५ हे वाण १९१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती गेलं. ‘को’ म्हणजे कोइमतूर. आज जगात लावल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उसाच्या वंशात कास सापडतो.

पुढं १९३० च्या दशकात त्याच केंद्रात वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल आल्या. केरळमधल्या तलश्शेरीच्या. त्यांनी कासाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि त्यातली गुणसूत्रं मोजली. आज आपल्याला ठाऊक आहे की कासात ही संख्या सर्वत्र सारखी नसते. कुठं ४०, तर कुठं थेट १२८. बाहेरून सारखाच दिसणारा कास आतून मुलखामुलखाला वेगळा आहे. म्हणून एका नदीवरचा कास गेला, तर दुसऱ्या नदीवरचा आणून ती जागा भरत नाही.

(दृश्य : तलावाची मागची बाजू, दुपार, पाण्यात उभं गवत)

हा शहराबाहेरचा एक जुना तलाव. जागेचं नाव मुद्दाम सांगत नाही, पुढं घरटी दिसणार आहेत.

इथं पाण्यात उभा आहे तो नळ. कासाला वाळू लागते, नळाला चिखल. उंचीला दोन माणसं एकावर एक. पानं रुंद, खोडाच्या दोन्ही अंगांनी निघालेली, आणि वर एका बाजूला कललेला, तपकिरी-जांभळट तुरा. आता या दोन तुऱ्यांची दृश्यं शेजारी शेजारी ठेवतो. कासाचे केस कणिशिकेच्या बाहेर, बुडाशी असतात, म्हणून तो पहिल्यापासून चांदीसारखा. नळाचे केस कणिशिकेच्या आत, दांडीवर असतात. ती उघडल्याशिवाय ते दिसत नाहीत, म्हणून नळ आधी तपकिरी असतो आणि पिकल्यावर राखाडी, मऊ होतो. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

नळाचं खोड पोकळ. त्याच्या चटया होतात, कुडाच्या भिंती होतात. आणि अशाच पोकळ काडीला तिरका छेद देऊन बोरू व्हायचा. आपल्या आजोबा-पणजोबांनी कित्ता गिरवला तो गवताच्या काडीनं. याचा थोराड भाऊ देवनळ. लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेट वाजते ती त्याच्या काडीच्या जिभलीवर.

शेजारी तपकिरी कणसं घेऊन उभं आहे ते पाणकणीस. त्याला गवत समजतात, पण त्याचं कूळच वेगळं. सांडपाण्यावर ते माजतं. शहरातल्या पाण्याजवळ आमचा कॅमेरा जिथं जिथं गेला, तिथं हेच जास्त भेटलं.

(दृश्य : सुगरणीचा नर, नळाच्या पानावर)

हे दृश्य आम्ही कापलं नाही. पूर्ण बघा.

पिवळ्या डोक्याचा हा सुगरणीचा नर. घरटं विणण्याचं काम त्याचंच, नाव मात्र सुगरणीचं. तो पानावर आडवा बसतो. बुडाशी, कडेला, चोचीनं एक खाच पाडतो. कड चोचीत घट्ट धरतो. आणि उडतो. पान फाटत जातं आणि त्याच्या मागं एक लांब, सारख्या रुंदीची हिरवी दोरी निघते. मध्येच तुटली तर टाकून देतो, पुन्हा खाच. दोरी ओली, ताजीच लागते. वाळलेली वळत नाही. एका घरट्याला अशा शेकडो दोऱ्या लागतात आणि त्यातल्या पुष्कळ जवळच्या उंच गवतातून येतात. पाण्यावर झुकलेली ही बाभूळ आज घरट्यांनी भरलेली दिसते, ती तिच्या पायाशी नळ आहे म्हणून.

खालून चाललेला तो आवाज वटवट्या या लहान पक्ष्याचा. त्याचं सगळं आयुष्य या गवताच्या आत जातं.

(दृश्य : चैत्र. वणव्यानं काळा झालेला उतार, त्यावर गुडघाभर पांढरे तुरे.)

ही दृश्यं चैत्रातली आहेत. जमीन जळून काळी झालेली, आणि त्या काळ्यावर मांजराच्या शेपटीसारखे गुळगुळीत, सरळ, चांदीचे तुरे. कासाच्या तुऱ्याला फांद्या सुटतात, याचा मात्र एकच भरीव दंडगोल. हा दर्भ. वणवा वरून जातो, खाली अणकुचीदार टोकाची खोडं शाबूत राहतात आणि पहिल्या संधीला तुरा वर येतो. दर्भ या एका नावाखाली दोन गवतं चालतात. पूजेत बऱ्याच ठिकाणी वापरतात तो कुश वेगळा, त्याला असा रेशमी तुरा नसतो. वर्षभराचा दर्भ खुडून आणायचा दिवस श्रावणी अमावस्या. म्हणजे आपल्याकडे ज्या दिवशी बैलांना झूल चढते आणि तोरणाखाली पोळा भरतो, तोच. विदर्भ या नावाचा अर्थ ‘जिथं दर्भ नाही तो देश’ असाही लावतात. या उतारावर उभं राहून तो पटत नाही.

(दृश्य : इतवारी, झाडूंचं दुकान)

नागपूरच्या इतवारी बाजारातलं हे दुकान. काकाजी फूलझाडूचा गठ्ठा सोडताहेत. झटकला की भुसा उडतो बघा. घरी नवा झाडू आणला की आठवडाभर हेच होतं. तो भुसा म्हणजे फुलोरा. फूलझाडू म्हणजे एका उंच गवताचे अख्खे तुरे. ते गवत मुख्यतः मेघालय-आसामच्या डोंगरउतारांवरचं. हिवाळ्याच्या शेवटी तुरे खुडतात, वाळवतात, बांधतात. लक्ष्मीपूजनाला आपण हळदकुंकू लावतो तो झाडूही गवतच असतो किंवा शिंदीचं पान.

काकाजींच्या शेजारच्या दुकानात वाळा आहे, आपण त्याला खस म्हणतो. तेही माणसाहून उंच वाढणारं गवत, पण त्याचा तुरा जांभळट आणि साधा. सगळी किंमत मुळांची. मे महिन्यात कूलरच्या ताटीतून येणारा वास या मुळांचा.

(दृश्य : नाल्याचा काठ, आधी आणि नंतर)

डावीकडचं दृश्य भाद्रपदातलं. उजवीकडचं त्याच जागेचं, कार्तिकातलं. मध्ये मशीन आलं आणि काठावरचं गवत खरवडून गेलं. गवताची जाळी काठ कसा धरते, ते कन्हानवर पाहिलंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली आणि काठाच्या भिंती काही ठिकाणी ढासळल्या, तेही याच शहरानं पाहिलं आहे.

(दृश्य : कन्हान, कोजागिरीची रात्र)

हे शेवटचं दृश्य पुन्हा कन्हानचं, कोजागिरीच्या रात्रीचं. दिवा लावलेला नाही. जो उजेड आहे तो चंद्राचा आणि कासाचा. डाव्या कोपऱ्यात पांढरे ठिपके तरंगताना दिसतील, ते धुकं नाही. दाणे निघाले आहेत.

इथं निवेदन थांबतं. वाऱ्याचा आवाज तसाच ठेवला आहे.