तासाला ६६० माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

४ जुलै २०२४ ची संध्याकाळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून आलेल्या आपल्या संघाची उघड्या बसमधून मिरवणूक निघाली, नरिमन पॉइंटहून वानखेडेकडे. मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती. तेवढ्या गर्दीनं एका अँब्युलन्सला वाट करून दिली, तो व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवला आणि कॉलर ताठ केली. करावीच. पण लोक पांगल्यावर त्याच रस्त्यावर चपला-बुटांचा खच पडला होता, आणि त्या फोटोंवर मात्र विनोद झाले. मला काही हसू आलं नाही. पायातली चप्पल निसटते आणि माणसाला ती उचलायला वाकता येत नाही, तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालतच नसतो, गर्दी त्याला नेत असते. गर्दीचा अभ्यास करणारे अमेरिकन इंजिनिअर जॉन फ्रुइन यांनी हे फार पूर्वी लिहून ठेवलंय : दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की माणसं अक्षरशः बुटांतून वर उचलली जातात, अंगावरचे कपडे फाटतात.

मुंबईत त्या दिवशी काही जण जखमी झाले, काहींना गुदमरल्यासारखं झालं. थोडक्यात निभावलं. वर्षभराच्या आत, ४ जून २०२५ ला, बंगळुरूत निभावलं नाही. आयपीएल जिंकलेल्या आरसीबी संघाच्या सत्काराच्या वेळी चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटांबाहेर चेंगरून ११ जण गेले.

आता ही मर्यादा किती, ते सांगतो. जमिनीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन डोळ्यांसमोर आणा. त्यात दोन-तीन माणसं उभी असली तर कुणाला काही वाटत नाही. चार-पाच झाली की धक्के लागायला लागतात, आणि बंदोबस्तवाल्यांनी खरं तर तिथेच सावध व्हायला हवं. सातच्या आसपास गेलात की माणूस वेगळा असा उरत नाही, सगळा जमाव पाण्यासारखा हलतो. मागे कुणीतरी एक पाऊल पुढे टाकतो आणि त्याची लाट पंचवीस फुटांवरच्या माणसाला भिंतीवर दाबते. छाती फुगायला जागा मिळत नाही आणि श्वास बंद पडतो. पायाखाली तुडवली जाऊन माणसं मरतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बरेच जण उभ्या उभ्या जातात, आणि मागच्याला त्याचा पत्ताही नसतो.

यावर मुंबईकर हमखास म्हणणार, आम्ही रोज सात पंचावन्नच्या फास्टमध्ये याच्या दुप्पट दाटी काढतो. बरोबर आहे, रेल्वे स्वतःच चौरस मीटरला १४ ते १६ माणसांचा हिशेब सांगते. पण डब्याला भिंती असतात. आत जेवढे चढले तेवढेच, पाठीमागून हजारोंचा रेटा येत राहत नाही. मैदानाच्या गेटवर तो येतच राहतो. लोकलची सवय इथे उपयोगाची नाही, उलट घातकच, कारण ती आपल्याला फार उशिरापर्यंत घाबरू देत नाही.

गेटचा हिशेब चुकला की काय होतं, ते पाहायचं तर इंग्लंडमधल्या शेफील्डला जावं लागेल. १५ एप्रिल १९८९. हिल्सबरो मैदान, एफए कप या फुटबॉल स्पर्धेची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनची बाजू दिली होती. उभं राहून मॅच बघण्याची तिकिटं तिथे १०,१०० विकली होती आणि त्या सगळ्यांसाठी फिरती फाटकं, म्हणजे टर्नस्टाइल्स, होती सात. आज ब्रिटनमध्ये एका टर्नस्टाइलमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं आत जातील असं धरतात. भागाकार करून बघा. एका फाटकाच्या वाट्याला चौदाशेच्या वर माणसं, म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ, तोही कुणी एक सेकंद न थांबता आत गेलं तर. मॅच तीनला सुरू व्हायची होती आणि बहुतेक लोक, तुमच्याआमच्यासारखेच, शेवटच्या तासाभरात आले. कागदावर हे गणित आदल्या आठवड्यातच चुकलेलं होतं.

बाहेर चेंगरायची वेळ आली तेव्हा, दोन वाजून ५२ मिनिटांनी, पोलिसांनी बाजूचं मोठं गेट उघडलं. बाहेरच्यांचा जीव वाचवायला ते उघडणं भाग होतं, असंही म्हणता येईल. पण आत गेलेली सुमारे दोन हजार माणसं जाणार कुठे, याचा विचार कुणी केला नव्हता. समोरच एक उताराचा बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कुंपणबंद कप्प्यांत उघडत होता. ते आधीच खच्चून भरलेले. डाव्या-उजव्या कप्प्यांत चांगली जागा होती, पण तिकडे वळा असं सांगायला बोगद्याच्या तोंडाशी एक माणूस नव्हता. पुढे उंच जाळी, मागून रेटा. सहा मिनिटं खेळ चालला, मग थांबवला. एकूण ९७ जण गेले, त्यातला शेवटचा २०२१ मध्ये, त्या दिवशीच्या इजांमुळे.

मॅच अर्ध्या तासानं उशिरा सुरू केली असती, तर?

आणि नंतरचं आणखी वाईट. बंदोबस्ताच्या प्रमुखानं सांगितलं की प्रेक्षकांनीच गेट फोडलं. ते दारू पिऊन आले होते, उशिरा आले होते, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. २०१६ मध्ये ज्यूरीनं निकाल दिला : मृत्यू बेकायदेशीर हत्या होते आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता. घरच्यांनी त्यासाठी २७ वर्षं घालवली. याच मैदानात, याच बाजूला, १९८१ च्या सेमीफायनललाही चेंगरून माणसं जखमी झाली होती. इशारा मिळालेला होता.

आपल्याकडेही दुर्घटनेनंतर पहिलं बोट गर्दीकडेच जातं. लोकांना शिस्त नाही, असं म्हटलं की काम भागतं. बंगळुरूचं बघा. संघ रात्री अहमदाबादला जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सत्कार ठरला. सोशल मीडियावरून आमंत्रणं गेली. मैदानाची क्षमता सुमारे ३५ हजार आणि खुद्द मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यानुसार लोक आले दोन-तीन लाख. १८ वर्षं वाट पाहिलेला कप आहे, कोण घरी बसेल? एवढं ज्याला आधी सुचत नाही, त्यानं आमंत्रण देऊ नये.

मैदानाची बांधणी हा तर वेगळाच विषय. नागपूरकर १९९५ चा नोव्हेंबर विसरले नसतील. सिव्हिल लाइन्समधलं जुनं व्हीसीए मैदान, भारत-न्यूझीलंड वनडे, आणि जेवणाच्या सुट्टीत स्टँडची भिंत कोसळली. माणसं गेली. मॅच पुढे चालूच राहिली. कबड्डीच्या स्पर्धांना आपण बांबू-लोखंडाच्या तात्पुरत्या गॅलऱ्या उभारतो, त्यांचंही तेच. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेटला ज्युनिअर राष्ट्रीय कबड्डीच्या वेळी अशी गॅलरी बसली आणि शंभरावर लोक जखमी झाले. ‘दरवर्षी हाच मंडपवाला बांधतो’ हे काही गॅलरीच्या मजबुतीचं सर्टिफिकेट नव्हे. किती माणसं बसणार, ती उठून नाचली तर काय, हे इंजिनिअरनं लेखी द्यायला हवं.

पोलिसांच्या बाबतीत एकच सांगतो. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलांगच्या मैदानात मॅचनंतर काही प्रेक्षक आत उतरले आणि पोलिसांनी थेट गॅलऱ्यांवर अश्रुधूर सोडला. डोळे चोळत हजारो लोक एकदमच अरुंद दारांकडे धावले. १३५ मृत्यू. मैदानात अश्रुधूर वापरू नये, असं फिफाच्या नियमांत आधीपासून लिहिलेलं होतं.

हिल्सबरोनंतर इंग्लंडनं मोठ्या मैदानांतल्या त्या जाळ्या काढून टाकल्या. आपल्याकडच्या बऱ्याच मैदानांत प्रेक्षक आणि सीमारेषा यांच्यामध्ये अजून उंच लोखंडी जाळी आहे. खेळाडूच्या पाया पडायला कुणी धावू नये म्हणून. ठीक आहे, पण मग त्या जाळीत आतून उघडणारी दारं आहेत का, आणि त्यांची किल्ली मॅचच्या वेळी कुणाच्या हातात असते? आपण पाण्याची बाटली आणि खिशातली नाणी गेटवर काढून घेण्यात जेवढे पक्के आहोत, तेवढे यात असतो तर बरं झालं असतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खेळ उशिरा सुरू करण्याचा अधिकार बंदोबस्त प्रमुखाकडे असणं. त्याला आड येतं टीव्हीचं वेळापत्रक.

हे सगळं आयोजकांनी करायचं. तुम्ही तिकीट काढून जाल तेव्हाचं थोडं. तास-दीड तास आधी आत जा. बसल्या बसल्या बाहेर पडायची दोन दारं बघून ठेवा, आलात ते एक आणि दुसरं वेगळं. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला. दाटी वाढतेय, हात वर करायलाही जड जातंय असं वाटलं तर आणखी पुढे जाऊच नका, तेव्हाच बाजूला निघा, नंतर निघता येत नाही. सापडलातच तर दोन्ही हात छातीसमोर दुमडून धरा, श्वासापुरती जागा राहते. ओरडून दम घालवू नका. रेट्याच्या उलट ढकलू नका, लाट ओसरली की तिरपं तिरपं कडेला सरका, पण भिंत आणि कठड्यापासून लांब. मोबाइल पडला तर पडू द्या. मूल असेल तर उचलून घ्या.

आणि वानखेडेवर रात्रीची मॅच संपली की सगळ्यांबरोबर चर्चगेटकडे धावू नका. पंधरा-वीस मिनिटं जागेवरच बसा, स्कोअरवर भांडा. बाहेर पडाल तेव्हा जिन्यावर बरीच जागा झालेली असेल.

नमस्कार.