पंधराला एक : उसुई घाटातील जुन्या रेल्वेमार्गावरून

योकोकावा स्थानकाबाहेर पडणाऱ्या माणसाचे लक्ष सहसा समोरच्या डोंगराकडे जाते. ते आधी पायाखाली जायला हवे. रस्त्याकडेच्या गटारावर बसवलेल्या लोखंडी जाळीच्या पट्ट्यांना मोठाले, झिजलेले दाते आहेत. हे दाते मुळात गटारासाठी केलेले नव्हते. सत्तर वर्षे ते घाटातल्या दोन रुळांच्या मधोमध होते आणि आगगाडीचे सगळे वजन त्यांनी डोंगरावर तोलून धरले होते.

जपानच्या गुन्मा प्रांतातील योकोकावा आणि नागानो प्रांतातील कारुइझावा यांच्यामधले रेल्वेचे अंतर अवघे ११.२ किलोमीटर होते, पण उंचीतला फरक साडेपाचशे मीटरांहून अधिक. १८८५ मध्ये ताकासाकीकडून रेल्वे योकोकावापर्यंत पोहोचली, १८८८ मध्ये जपानच्या समुद्राकडून येणारा मार्ग कारुइझावापर्यंत आला आणि मधला उसुई घाट तेवढा राहिला. काही वर्षे घोड्यांनी ओढायच्या ट्रामवर काम भागवले गेले. अखेर १ एप्रिल १८९३ रोजी या घाटातून आगगाडी धावू लागली. तिच्या वाटेत २६ बोगदे होते आणि सर्वांत तीव्र चढ होता पंधराला एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेले की एक मीटर वर. आपल्या बोरघाटातला सदतिसाला एकचा चढ रेल्वेच्या हिशेबात अवघड समजला जातो. त्याच्या दुपटीहून तीव्र अशा या उतारावर गुळगुळीत चाकांची गुळगुळीत रुळांवर पकड राहणे त्या काळी शक्यच नव्हते. म्हणून स्वित्झर्लंडच्या रोमान आब्ट यांची दातेरी रुळांची पद्धत स्वीकारण्यात आली. तीन दातेरी पट्ट्या शेजारीशेजारी, परंतु एकीचे दाते दुसरीच्या किंचित पुढे अशा बसवायच्या, म्हणजे इंजिनाखालच्या दंतचक्राचा कोणता ना कोणता दात प्रत्येक क्षणी रुतलेला राहतो. आब्ट यांचे नाव जपानी उच्चारात ‘आपुतो’ झाले आणि आज याच मार्गावरच्या पायवाटेला ‘आपुतो नो मिची’, म्हणजे आब्टची वाट, असे म्हणतात.

ही वाट सुमारे सहा किलोमीटरांची आहे. सुरुवातीच्या टप्प्यात डांबरात बुजवलेले रूळ पावलांबरोबर चालत राहतात. चढ डोळ्यांना जवळजवळ जाणवत नाही. पोटऱ्यांना मात्र अर्ध्या तासात कळतो. रेल्वेची वाट असल्यामुळे तो कुठे एकदम वाढत नाही, कुठे एकदम सैल पडत नाही, आणि सपाटीची सवलत क्वचितच देतो.

पहिला मोठा मुक्काम मारुयामा येथील वीज उपकेंद्राचा आहे. लाल विटांच्या या दोन लांबट इमारती १९१२ च्या आहेत. त्यांतल्या एकीत विजेची यंत्रे होती आणि दुसरीत बॅटऱ्या, कारण गाडी चढू लागली की एकदम लागणारी जादा वीज साठ्यातूनच पुरवावी लागे. विजेची घाई का झाली, हे पुढच्या बोगद्यांत शिरल्यावर उमगते. वाफेच्या गाडीला हा घाट चढायला सव्वा तास लागे, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. धावण्याचा सराव असलेला माणूस तिच्या पुढे गेला असता. एवढ्या संथ गाडीचा धूर बोगद्यात तिच्यापाठोपाठ येई आणि चालक, फायरमन, प्रवासी सगळेच गुदमरत. त्यावरचा उपाय अजब वाटेल, पण तो खरोखर अमलात होता : गाडी आत शिरली की बोगद्याच्या तोंडाशी नेमलेला माणूस पाठीमागे भला मोठा पडदा ओढून घेई. मागून येणारी हवा त्यामुळे अडत असे आणि धूर गाडीला गाठत नसे. प्रत्येक गाडीमागे असा पडदा ओढायचा आणि पुन्हा सारायचा, हे काम नोकरी म्हणून करणाऱ्या माणसांनी बोगद्याच्या तोंडाशी वर्षानुवर्षे काढली. १९१२ मध्ये विजेची इंजिने येऊ लागली आणि पुढे पडद्याचे काम संपले.

पाचव्या बोगद्यातून बाहेर पडताच वाट सरळ एका पुलावर येते. अधिकृत नाव उसुईचा तिसरा पूल, परंतु सगळे त्याला ‘मेगानेबाशी’, म्हणजे चष्म्याचा पूल म्हणतात. पुलावर उभे राहून त्याचे काहीच दिसत नाही. त्यासाठी बाजूच्या पायऱ्यांनी खालच्या जुन्या रस्त्यावर उतरावे लागते, आणि तो त्रास जरूर घ्यावा. ९१ मीटर लांब, ३१ मीटर उंच अशा या पुलाच्या चार कमानी सुमारे वीस लाख विटांच्या आहेत. खांबाजवळ गेल्यावर विटा एका रंगाच्या नाहीत हे दिसते. काही तांबूस, काही काळपट, काहींच्या कडा झडलेल्या आणि सांध्यांत शेवाळ. १९९३ मध्ये या पुलाला जपानच्या महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पुलापलीकडचा सहावा बोगदा या वाटेवरचा सर्वांत लांब, जवळपास अर्ध्या किलोमीटरचा आहे. बोगद्यांतले दिवे संध्याकाळी बंद होतात, हे ध्यानात ठेवूनच निघावे.

दहा बोगदे संपले की कुमानोदाइरा येते. दोन्ही बाजूंना बोगद्यांची तोंडे आणि मध्ये सपाटीचा लहानसा तुकडा, एवढेच हे ठिकाण. एकेरी मार्गावर गाड्या एकमेकींना येथेच ओलांडत, पण जागा इतकी अपुरी की गाडी आधी एका आंधळ्या, म्हणजे पुढे बंद असलेल्या, बोगद्यात न्यायची आणि मग मागे घ्यायची, अशी कसरत करावी लागे. जून १९५० मध्ये येथे दरड कोसळून रेल्वे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय मिळून ५० जण मरण पावले. त्यांच्या स्मारकातली आई तान्ह्या मुलाला छातीशी धरून उभी आहे. समोर गवतात गंजलेले रूळ आहेत.

हे रूळ नव्या मार्गाचे आहेत. १९६३ मध्ये दातेरी मार्ग बंद झाला आणि त्याच चढावर साधे रूळ टाकून गाड्या धावू लागल्या. प्रत्येक गाडीला योकोकावाच्या बाजूने, म्हणजे नेहमी उताराकडच्या टोकाला, ईएफ-६३ जातीची दोन बँकर इंजिने लावली जात. चढताना ती ढकलायची आणि उतरताना गाडीला मागे रेटून धरायची. वेळापत्रकात चढायला १७ मिनिटे होती आणि उतरायला २४. घाटात गाडी चढवण्यापेक्षा उतरवणे जोखमीचे, हे त्या सात मिनिटांइतके स्पष्ट कशातूनच दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९७ रोजी शेवटची गाडी गेली आणि दुसऱ्या दिवशी नागानोपर्यंतची शिंकान्सेन, म्हणजे अतिवेगवान रेल्वे, सुरू झाली.

कुमानोदाइराच्या पुढचे बोगदे बंद असल्याने आल्या वाटेनेच परतावे लागते, आणि आता तोच चढ गुडघ्यांवर येतो. खाली योकोकावाला बँकर जोडण्या-सोडण्यासाठी गाडी थांबे, तेवढ्या वेळात फलाटावर १९५८ पासून मातीच्या भांड्यातला गरम भात विकला जात असे; ‘तोगे नो कामामेशी’, म्हणजे घाटातला हंडीभात. तो आजही त्याच तपकिरी भांड्यात मिळतो. भात संपला तरी भांडे हातात जड लागते, आणि बरेच जण ते टाकून न देता घरी घेऊन जातात.