नसलेली गाय

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घराभोवतीच्या छोट्या जागेत जनावर पाळावं का?’ वैरण, पाणी-शेण, माणूस आणि पिल्लं असे चार हिशेब मांडीन, असं मी आयोजकांना कळवलं होतं. ते मांडणारच आहे. पण आधी एका शेळीबद्दल बोलू द्या. ती सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सांगता येत नाही.

इथे बहुतेकांकडे अर्धा-पाऊण एकर जागा आहे, थोडी झाडं, भाजीचे वाफे. हात वर करा बरं, कुणाकुणाच्या मनात गाय आहे? बघा, निम्म्याहून जास्त हात. आणि नवरा-बायको शेजारी बसलेत त्यांच्यात एकाचाच हात वर आहे, हेही मला इथून दिसतंय! त्यावर आज घरी बोला. तुम्हाला नको म्हणायला मी आलेले नाही. जनावरांवर माझा जीव आहे, म्हणून तर आले.

आम्ही पहिली शेळी आणली ती एकच आणली. घरापुरतं दूध हवं होतं, तेवढ्याला एक पुरेल असा विचार. दुसऱ्या वेताची, शांत, छान अंगाची शेळी होती. पहिल्या रात्री ती ओरडली. नवी जागा, ओरडणारच, असं म्हणून आम्ही झोपलो. दुसऱ्या रात्रीही ओरडली. तिसऱ्या दिवशी घसा बसला तरी ओरडत होती, आवाज फाटलेला. पाणी बघितलं, पाला बघितला, खूर उचलून बघितले, कास दाबून बघितली. सगळं ठीक. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “अगं, तिला काही दुखत नाहीये. तिला कुणी नाहीये.” आणि पाट घेऊन गोठ्यात तिच्याजवळ जाऊन बसल्या. पाच मिनिटांत शेळी खाली बसली आणि रवंथ करू लागली.

इराणच्या झाग्रोस डोंगरांत माणसानं शेळ्या पाळायला घेतल्या त्याला सुमारे १०,००० वर्षं झाली. आपण दावं बांधलं, गोठा दिला, खुराक दिला, पण त्या कळपातल्या होत्या आणि कळपातल्याच राहिल्या. एकटी शेळी म्हणजे तिच्या लेखी संकटात सापडलेली शेळी. आपल्याला ती हट्टी वाटते, ती भ्यालेली असते. त्यामुळे ‘एक शेळी पाळू का?’ असं कुणी विचारलं की मी म्हणते, दोन पाळता येत असतील तर पाळा, नाहीतर एकही नको.

महिन्याभरात दुसरी आणली. आता सगळं छान होतं. म्हणजे रोपं सोडून! शेळी गाईसारखी खाली मान घालून चरत नाही, ती खुडत जाते. मागच्या पायांवर उभी राहून डोक्याच्या वरची पानंही ओढते. आमची लावलेली नऊ रोपं तिनं एका दुपारी संपवली. त्याचं मला आज काही वाटत नाही. रोपं पुन्हा लावता येतात.

खुराकाचं पोतं गोठ्यालगतच्या खोलीत होतं. दाराला साधी लोखंडी कडी, वर उचलली की निघणारी. शेळीचा वरचा ओठ जवळजवळ हातासारखा चालतो, हे मी रोज बघत होते. पण ते त्या कडीशी जोडून कधी बघितलं नाही. एका रात्री पहिल्या शेळीनं कडी उचलली. सकाळी गेले तर पोतं निम्मं रिकामं, आणि ती पाय फाकून, दात खात उभी. डावी कूस टम्म फुगलेली. दुसरी कोपऱ्यात ठणठणीत. ती भित्री, थोरलीनं तिला पोत्याजवळ येऊच दिलं नसणार. त्यानं ती वाचली.

काय होतं ते नीट सांगते, कारण इथल्या कुणाच्या तरी घरी हे होऊ शकतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटात पाला पचवणारे जंतू असतात. एकदम भरमसाट दाणा गेला की पिष्ट खाणारे जंतू भराभर वाढतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं, आणि पाला पचवणारे जंतू मरतात. आम्ल रक्तात उतरतं, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. जनावर पोट भरलेलं असताना कोरडं पडून मरतं. डॉक्टर दुपारी आले. नळी घातली, सोडा दिला, सलाईन लावलं, त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. दुसऱ्या रात्री ती गेली.

लोक म्हणाले, जनावर म्हटलं की असं व्हायचंच. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ते व्हायचं नव्हतं, कडी चुकीची होती. मी त्याआधी एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. दोन दिवस जाती, दूध, वजन, नफा. रात्री दार शेवटी कोण बघणार, हा प्रश्न एकदाही निघाला नाही. जनावर कुठलं घ्यायचं हे सगळे सांगतात. ते येणार ते घर तयार आहे का, हे कुणी विचारत नाही. माझी तक्रार तेवढीच आहे आणि ती मी प्रत्येक व्यासपीठावर करते.

पुढे यजमानांनी गाईचा विषय काढला तेव्हा मी म्हटलं, आधी वर्षभर नसलेली गाय पाळू. हसा, तेही हसले होते! दर महिन्याचे पहिले सात दिवस, सकाळ-संध्याकाळ साडेपाचला रिकाम्या गोठ्यात जायचं. गव्हाणीपाशी २५-२५ लिटर पाणी नेऊन ठेवायचं. गाईला लागेल तेवढी वैरण आपल्याच जागेतून कापायची, तोलायची, वहीत लिहायची. सुट्टी नाही, पाहुणे आले म्हणून सूट नाही. तिसऱ्या महिन्यात घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी बाहेर जायचं होतं. नसलेल्या गाईपाशी थांबायला कुणी नव्हतं. पावसात गोठ्याची वाट घोट्यापर्यंत चिखलात गेली. उकिरड्यासाठी ठरवलेल्या जागेवरचं पाणी उतारानं विहिरीकडे जातंय, हे तेव्हाच दिसलं. आणि सगळ्यात कोरड्या महिन्यात सातापैकी चौथ्या दिवशी कापायला काही उरलं नाही. वही अजून आहे. चौथ्या दिवसापुढे सासूबाईंनी लिहिलंय, ‘गाय उपाशी.’

चिठ्ठी आली, सहा मिनिटं उरलीत. चार हिशेब भराभर घेते.

वैरण. ४०० किलोच्या गाईला दिवसाला कोरड्या वजनानं १० ते १२ किलो लागतं. हिरव्या चाऱ्यात बरंचसं पाणीच असतं, म्हणून हिरवा चारा ४०-५० किलो धरा. ३० किलोच्या शेळीला साधारण चार-पाच किलो. कोंबडीला ११०-१२० ग्रॅम दाणा. हिरव्यागार महिन्यात मोजू नका, सगळ्यात वाईट महिन्यात मोजा. विकत घ्यायची वैरणही त्याच महिन्यात महाग होते.

पाणी आणि शेण. दुभत्या गाईला दिवसाला ५० लिटरच्या पुढेच, उन्हात आणखी. शेण रोज २० किलोच्या आसपास, म्हणजे वर्षाला सात टन. अर्ध्या एकराला ते सोनं आहे, पण कुजवायला जागा हवी, आणि पिण्याच्या पाण्यापासून लांब.

माणूस. दुभत्या जनावराची धार वेळेवर काढली नाही तर कास तटते, मग कासदाह. तुमच्या घराबाहेरचं, धार काढता येणारं एक माणूस शोधा. जनावराआधी ते माणूस. कोंबड्यांना हा जाच कमी, म्हणून सुरुवात चार-पाच कोंबड्यांनी करा असं मी सांगते. त्यांनाही खुराडं संध्याकाळी न चुकता बंद हवंच.

शेवटचा हिशेब पिल्लांचा, आणि नेमका त्यालाच वेळ उरला नाही. दूध हवं तर जनावर विणार. शेळी साधारण १५० दिवसांत, गाय सव्वानऊ महिन्यांत. शेळीला जुळं नवलाचं नाही आणि पिल्लांतली निम्मी नर. दोन शेळ्यांचे चार वर्षांत किती बोकड होतील, मोजा. कोंबडीही पहिली दोन वर्षं भरपूर अंडी देते, नंतर कमी होत जातात, आणि ती त्यानंतरही काही वर्षं जगते. बोकडाचं काय करणार? विकणार, कापणार, की सांभाळणार? तिन्ही उत्तरं माणसं देतात आणि मी कुणाला दोष देत नाही. पण उत्तर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून द्यायचं, लहान मुलांसकट, आणि ते शेळी गाभण जाण्याआधी. करडू मांडीवर आलं की कुणालाच नीट बोलता येत नाही, मलाही आलं नव्हतं.

घंटा झाली. ज्यांना वही बघायची आहे त्यांच्यासाठी ती बरोबर आणलीय, मी खाली पहिल्या रांगेत थांबते.