ही पिशवी सलाईनची नाही

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर निवृत्त सिस्टरनी दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बाहेर फळ्यावर 'आरोग्य आणि आपण' असं लिहिलंय तो विषय माझा नाही. मी दिला होता 'लघवीचं इन्फेक्शन आणि घरच्या पेशंटची काळजी', तर सेक्रेटरींचा रात्री साडेनऊला फोन, सिस्टर, लघवी हा शब्द फळ्यावर कसा लिहायचा, महिलाही येतात. अहो महिला येतात म्हणूनच तर लिहायचा! बाईची मूत्रनळी जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषाची साधारण २०, म्हणजे जंतूला बाईच्या बाबतीत नाक्यावरून घरी यायचं असतं आणि पुरुषाच्या बाबतीत कळव्याहून.

चौतीस वर्षं वॉर्डात काढली मी. एक नंबर, पाणी, बाहेर जायचंय, खाली जळजळतंय, सगळं ऐकलंय. एक रिटायर्ड मास्तर होते, प्रोस्टेटचे, ते रोज राउंडला सांगायचे, "सिस्टर, लघुशंकानिवारण होत नाही." मी म्हटलं, मास्तर, शंका लघु राहिली नाही म्हणूनच तुम्हाला अ‍ॅडमिट केलंय. हसा, हसायला बंदी नाही.

आता विषयाकडे येते, पण त्याआधी एकच गोष्ट. इथल्या किती जणींनी नोकरीची वर्षं लोकलमध्ये घालवली? बघा, निम्मे हात वर. ठाण्याला गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला आणि अजून लोकलमध्ये संडास नाही. मग आपण काय करायचो, सकाळी अर्धा कप चहा, पाणी ऑफिसात पोचल्यावर, तिथलं टॉयलेट कसं असेल त्यावर किती प्यायचं ते ठरणार, आणि संध्याकाळी परत तेच. मुंबईत २०११ ला बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी राइट टू पी म्हणून चळवळ सुरू केली तेव्हा आमच्या ड्युटीरूममध्ये लोक हसले होते. मी नाही हसले. उन्हाळी लागली म्हणून धण्याचं पाणी पिऊन ड्युटी केलेली बाई आहे मी. हो, सेक्रेटरी घड्याळ बघतायत, कळलं.

तर सासऱ्यांची गोष्ट. वय ८१, बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका, मी सांगणार नाही. पाचव्या दिवशी डिस्चार्ज. मी तेव्हा दुसरीकडे ड्युटीवर, घरी आणायला नवरा आणि पुतण्या. आमची बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून चौघांनी उचललं आणि पुतण्या पुढे, हात डोक्याच्या वर ताणून, त्या हातात लघवीची पिशवी. सलाईन जशी धरतात तशी! पोरगा तीन मजले हात खाली न करता चढला. शेजारच्या काकू मला संध्याकाळी कौतुकाने सांगतायत, किती काळजी घेतली हो पोराने, एकदासुद्धा पिशवी खाली केली नाही.

मी मटकन बसले. सलाईन वरून खाली शरीरात जाते, ही पिशवी शरीरातून खाली यायला असते. वर धरली की साठलेली लघवी उलटी मूत्राशयात. पण त्या पोराला कोणी सांगितलं होतं? डिस्चार्ज कार्डावर गोळ्या सात, ड्रेसिंगची तारीख, टाके काढायची तारीख. लघवीसाठी मूत्राशयात घातलेल्या नळीबद्दल एक ओळ नाही. आणि पुढे झालं त्याचं खापर मी त्याच्यावर फोडत नाही, कारण खरी चूक कोणाची ते ऐका.

घरी मी सिस्टर, म्हणजे सगळं शिस्तीत. पिशवी पलंगाच्या फ्रेमला, जमिनीला न टेकेल अशी. नळीला पीळ नाही. रोज रात्री हात धुऊन पिशवी रिकामी करायची, मोजायचं, वहीत लिहायचं. १४००. १६००. १३५०. अशी वही की मेट्रननी फ्रेम करून लावावी. घरी आणल्यापासून सहाव्या दिवशी दुपारी सासऱ्यांना हुडहुडी भरली, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजतायत, आणि मला म्हणाले, "ताई, गाडी लागली का गं?" ताई म्हणजे त्यांची बहीण, जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

कॅज्युअल्टीत एक पोरसवदा डॉक्टर, डोळ्यांत झोप. पिशवी बघितली, गढूळ. मला विचारलं, "नळी कशासाठी ठेवलीय?" मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. नळी ऑपरेशनसाठी घातली होती, एक-दोन दिवसांचं काम. तिला झाले होते अकरा दिवस, आणि मी, सिस्टर, रोज तिचा हिशोब लिहीत होते, पण ती का आहे हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. सासरे आठ दिवसांनी घरी आले. नळी काढल्यावर चार तासांत आपलं आपण लघवीला झाली होती त्यांना. चार तासांत!

म्हणून माझं हे एकच वेड आहे, नळी असलेला पेशंट दिसला की रोज सकाळी विचारायचं, आज ही कशासाठी आहे? फोली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ही फुग्याची नळी तयार केली १९३० च्या दशकात, उत्तम वस्तू, लघवी तुंबली की जीव वाचवते. पण आत राहिलेल्या दर दिवसाला लघवीत जंतू शिरायची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के, महिनाभर राहिली की जवळपास सगळ्यांच्याच लघवीत. नळीवर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, तिथे औषध नीट पोचत नाही. चादर ओली होते किंवा ब्युरोतून पेशंट सांभाळायला आलेल्या बाईंना उठवायला जड जातं, हे नळीचं कारण नाही.

किती मिनिटं? पाच? अहो, वारंवार होणारं इन्फेक्शन हा मुख्य विषय तर राहिलाच. बरं, भराभर सांगते.

रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणजे आजार नव्हे. म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत बऱ्याचदा जंतू असतात, जळजळ नाही, ताप नाही, तर बहुतेकांना अँटिबायोटिक लागत नाही. गरोदर बाईचं वेगळं, तिला द्यावं लागतं, लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन असेल त्यालाही. आणि म्हातारं माणूस बरळलं की दरवेळी लघवीच असं नाही, साखर बघा, सोडियम बघा, पडलंय का बघा.

सॅम्पल मधल्या धारेचं, म्हणजे सुरुवातीची थोडी सोडून, आणि दोन तासांत लॅबला. तेवढ्यात जमत नसेल तर फ्रिजमध्ये, हो, दुधाच्या पातेल्याशेजारी नको. कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, पहिल्या गोळीच्या आधी. नळीवाल्याचं सॅम्पल पिशवीतून कधीच नाही. नळी जुनी असेल तर बदलून नवीतून. आणि शेजारणीच्या उरलेल्या चार गोळ्या घेऊ नका, बहुतेक वेळा जंतू इ. कोलायच असतो, पण कुठल्या औषधाला तो दाद देतो ते कल्चर सांगतं.

पाणी. २०१८ मध्ये एक अभ्यास आला, कमी पाणी पिणाऱ्या आणि सारखं इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना रोज दीड लिटर जास्त पाणी दिलं, त्रास निम्म्यावर आला. हार्ट, किडनीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. पाळी गेलेल्या बायकांना योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, डॉक्टरांना विचारायला लाजू नका. पुरुषांना धार बारीक, रात्री चारदा उठणं, हे वय नाही, प्रोस्टेट दाखवा. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलटी, तर घरी थांबायचं नाही.

भजनी मंडळ दारात आलंय, तबला दिसतोय मला. प्रश्न चहाच्या वेळी घेते. आणि सव्वा तास झाला तुम्हाला बसून, कोणाला जायचं असेल तर आधी जाऊन या, जिन्याखाली डावीकडे, लाइटचं बटण बाहेर आहे आणि कडी लागत नाही, म्हणून कोणीतरी दाराशी उभं राहा.