सफरचंदांचा वास

नमस्कार श्रोतेहो.

९ नोव्हेंबर १९३३. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावात त्रेसष्ट वर्षांचे एक गृहस्थ सिनेमा बघत बसले होते. मध्येच घरून माणूस आला, 'चला, स्टॉकहोमहून फोन आलाय.' ते होते इवान बुनिन. साहित्याचं नोबेल मिळालेले पहिले रशियन लेखक.

पण हा सन्मान घ्यायला जाताना त्यांच्याकडे कुठल्याही देशाचा पासपोर्ट नव्हता. निर्वासितांना मिळणाऱ्या नान्सेन दाखल्यावर ते स्वीडनला गेले. समारंभात विजेत्यांच्या देशांचे झेंडे लावायची रीत होती. बुनिन यांच्यासाठी कोणता लावणार? त्या वर्षी तिथे फक्त स्वीडनचे झेंडे लागले.

जन्म १८७०चा, वोरोनेझचा. घराणं जमीनदारांचं, पण जमीन हातची जात चाललेली. १९२०च्या सुरुवातीला बोल्शेविकांचं, म्हणजे क्रांती करणाऱ्या रशियन कम्युनिस्टांचं सैन्य काळ्या समुद्रावरच्या ओडेसा बंदराच्या वेशीवर आलं, तेव्हा पत्नी व्हेरासह ते बोटीत बसले. रशियाच्या मातीवर पुन्हा पाऊल पडलं नाही.

मला सगळ्यात भिडतं ते पुढचं. तेहतीस वर्षं परदेशात काढली, पण लिहिलं रशियन भाषेतच. क्रांतीनंतर नव्या सरकारने रशियन लिपीतली काही अक्षरं काढून टाकली. बुनिन यांनी ती सोडली नाहीत. तरुणपणी, १९००मध्ये, त्यांनी 'अँतोनोव्ह सफरचंदं' ही कथा लिहिली होती. शरदातली पहाट, बागेत रचलेली फळं आणि त्यांचा तो वास. फ्रान्समध्ये बसून 'आर्सेन्येवचं आयुष्य' लिहिताना ती शेतं, त्या वाटा, तो बर्फ सगळं केवळ आठवणीतून उभं करायचं होतं. आणि ते इतकं जिवंत उतरलं, की वाचताना पायाखाली ओला पाचोळा जाणवतो.

नोबेलच्या पैशांतला काही वाटा त्यांनी गरजू निर्वासितांना वाटला. महायुद्ध आलं तेव्हा घरात पोटभर अन्न नव्हतं. तरीही त्यांनी ज्यूंना आसरा दिला, आणि त्याच थंडगार घरात 'अंधाऱ्या वाटा' या संग्रहातल्या प्रेमकथा लिहिल्या. भुकेल्या, म्हाताऱ्या माणसाच्या हातून इतक्या तरुण कथा उतराव्यात, याचं मला आजही नवल वाटतं.

आपल्या शेजारचीही एक कथा त्यांनी लिहून ठेवली आहे. १९११मध्ये ते सिलोनला आले होते. पुढे १९१४च्या 'भाऊ' या कथेत त्यांनी कोलंबोतल्या एका तरुण रिक्षा ओढणाऱ्याचं दुःख लिहिलं. मिळाली तर जरूर वाचा.

८ नोव्हेंबर १९५३ला बुनिन पॅरिसमध्ये गेले. शहराबाहेर, सेंत-जनव्हिएव्ह-दे-ब्वा इथल्या रशियन दफनभूमीत त्यांची कबर आहे. पुढे १९६५ ते ६७मध्ये मॉस्कोत त्यांचं साहित्य नऊ खंडांत निघालं. त्यांनी जपलेली जुनी अक्षरं मात्र त्या पानांवर नव्हती.