फुलाकडे नंतर बघा, आधी काडी बघा

(बागकामाची आवड असलेल्या बॉस्टन परिसरातल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जूनच्या अखेरीस केप कॉडच्या बाजूला गेलात, की जुन्या घरांच्या कुंपणांवरून छोट्या गुलाबी फुलांचे घोसच्या घोस लोंबताना दिसतात. नॅन्टकेट बेटावरच्या सायस्कॉन्सेट गावात तर घरांची छपरंसुद्धा झाकून जातात. बघणारा खूश होतो, नर्सरीत जातो आणि विचारतो, ‘हाच गुलाब, पण वर्षभर फुलणारा आहे का?’ आज मला या प्रश्नाशीच भांडायचं आहे.

हे रॅम्बलर गुलाब, म्हणजे लांब, लवचिक काड्यांचे आणि वर्षातून एकदाच फुलणारे वेलीसारखे गुलाब. बहुतेकांच्या मागे आहे ‘रोझा विचुराना’ ही जपानकडची जमिनीवर पसरणारी रानटी जात. माक्स विचुरा या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं. १९०१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूअर्क गावच्या जॅक्सन अँड पर्किन्स या नर्सरीने तिचा एका जुन्या गुलाबी वाणाशी संकर बाजारात आणला आणि मालकांच्या नातीचं नाव त्याला दिलं : डोरोथी पर्किन्स. फूल जेमतेम दीड इंचाचं, पाकळ्या भरगच्च, वास बेताचा. एकटं फूल हातात घेतलंत तर त्यात विशेष काही वाटणार नाही. पण एका घोसात वीस-पंचवीस फुलं असतात आणि असे घोस काडीवर वीतभर अंतराने शेवटपर्यंत लागतात.

इकडे केप कॉडवरच, वुड्स होलला, मायकेल वॉल्श नावाचा माळी फे कुटुंबाच्या बागेत काम करायचा. वेल्समधून आलेला माणूस. डेब्यूटान्ट, लेडी गे, इव्हँजेलिन ही गुलाबी वाणं त्याचीच. लाल एक्सेल्साही त्याचीच. फ्रान्समध्ये ओर्लेआंला बार्बिए घराण्याने याच सुमारास जवळजवळ याच वाटेने काम केलं. त्यांचा फ्रांस्वा जुरांव्हिल १९०६चा आणि आल्बर्टीन १९२१चा. या दोघांच्या गुलाबीत नारिंगी झाक आहे.

आता काडी. मी नाशिककडचा, म्हणून द्राक्षबागेचं उदाहरण देतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात, तेव्हा फुटलेली काडी पावसाळ्यात पक्व होते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर त्याच काडीवर माल येतो. रॅम्बलरचा हिशोब असाच, फक्त मध्ये इथला हिवाळा. यंदा बुडातून निघालेला दहा-पंधरा फुटांचा धुमारा यंदा फुलत नाही. तो बर्फ सोसतो आणि पुढच्या जूनमध्ये फुलतो. म्हणून बाकीच्या गुलाबांबरोबर एप्रिलमध्ये यालाही कात्री लावलीत, तर वर्षाची सगळी फुलं कचऱ्यात गेली म्हणून समजा. छाटणी बहर संपल्यावर, जुलैत. फुलून गेलेल्या काड्या बुडाशी कापायच्या आणि नवे धुमारे त्यांच्या जागी बांधायचे. नवे धुमारे कमी असतील तर दोन-चार जुन्या काड्या ठेवा, त्यांचे बाजूचे फुटवे तेवढे आखूड करा.

बांधणं म्हणजे आडवं बांधणं. काडी उभी राहिली की फक्त टोकाकडचे डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, फुटतात, खाली बोडकं खोड दिसतं. तीच काडी कुंपणावर आडवी टाका : डोळ्याडोळ्यातून वीतभर फुटवा वर येतो आणि प्रत्येकाच्या टोकाला घोस. पॅरिसजवळच्या लाय गावच्या गुलाबबागेत जाळ्यांवर हे काम वर्षानुवर्षं चाललंय. रॅम्बलरची कोवळी काडी हवी तशी वाकते, हाच त्याचा बागेतला मोठा गुण. कमान, मांडव, जुनं सफरचंदाचं झाड, काहीही चालतं.

भिंत मात्र नको. डोरोथीला भुरी फार लागते. कोंदट जागी पानं, कळ्या, देठसुद्धा पीठ शिंपडल्यासारखे पांढरे पडतात. उघड्या कुंपणावर वारा खेळतो, तिथे त्रास बराच कमी. भिंतीशीच लावायचा हट्ट असेल तर डेब्यूटान्ट लावा. माझ्या मते तो डोरोथीपेक्षा सरस आहेच, फक्त त्याला तिच्याइतकी प्रसिद्धी मिळाली नाही.

आणि ते वर्षभर फुलणं? १९३०मध्ये न्यू डॉन आला, फिकट गुलाबी आणि पुन्हापुन्हा फुलणारा. १९३१मध्ये अमेरिकेतलं पहिलं वनस्पती-पेटंट त्यालाच मिळालं. चांगला गुलाब आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्याची काडी ताठर, काटे दणकट. कमानीवर वळवताना हात सोलून निघतात. गुलाबात फुलणं आवरून धरणारा एक जनुक असतो. तो काम करतो तोवर झाड आधी काड्या वाढवतं आणि पुढच्या वसंतात फुलतं. जनुक बिघडला की प्रत्येक फुटव्याच्या टोकाला फूल येतं, मग लांब काडी व्हायला सवड कुठली? फेलिसिते ए पेर्पेत्यू या मोठ्या फ्रेंच रॅम्बलरला एकदा असाच बदललेला फुटवा आला. त्यातून लिटल व्हाइट पेट हा वाण निघाला : हंगामभर फुलतो, पण उंची दोन फूट. कुंपण झाकायचं असेल तर तीन-चार आठवड्यांच्या बहरावर समाधान मानायला हरकत नाही. बाकीच्या महिन्यांत त्याच मांडवावर क्लेमॅटिस ही फुलवेल चढवा.

विकत घ्यायची गरज बहुधा पडणार नाही. जमिनीला टेकलेली काडी आपोआप मुळं धरते. ओळखीच्या कोणाच्या जुन्या कुंपणावर असा गुलाब असेल तर विचारून मुळं फुटलेला तुकडा मागून आणा. तो डोरोथी पर्किन्स आहे की लेडी गे, यावर डोकं खपवू नका. भल्याभल्या जाणकारांची त्यात गल्लत होते.