आधी वजनकाटा, मग टायरचं दुकान

बोट, जेट-स्की किंवा जनरेटर लादलेला ट्रेलर ओढणारी पिकअप टायरच्या दुकानात शिरली की पहिला प्रश्न ठरलेला: "ह्याला मोठा कुठला बसतो?" दुकानदारही लगेच उत्तर देतो, कारण मोठा टायर महाग असतो आणि गाडी दिसायलाही छान दिसते. पण ट्रेलर ओढायचा असेल तर विचारायला हवं ते वेगळंच. ट्रेलर जोडल्यावर मागच्या एका टायरवर किती किलो येतात आणि तेवढे पेलायला त्यात किती हवा लागते, हे आधी कळलं पाहिजे. साइझ त्यानंतर ठरवायची. आज मी ह्याच क्रमाने बोलणार आहे.

टायरच्या कडेवरचे आकडे बहुतेकांना माहीत आहेत, त्यामुळे तिथे फार थांबत नाही. २४५/७० आर१६ म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ७० टक्के म्हणजे १७१.५, आणि रिम १६ इंची म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. दोन कडा आणि रिम मिळून व्यास ७४९.४ मिलिमीटर. जुन्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला हीच साइझ यायची, नंतरच्या गाड्यांना २५५/६० आर१८ आली. हायलक्सला प्रकारानुसार २६५/६५ आर१७ किंवा २६५/६० आर१८ असते. तुमच्या गाडीची साइझ आणि हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. सध्या गाडीवर असलेले टायर आधीच्या मालकाने घातलेले असू शकतात, म्हणून त्यांच्यावरून काही ठरवू नका.

साइझच्या पुढचा आकडा मात्र लोक वाचतच नाहीत. १०७टी, १११एस असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला आकडा म्हणजे लोड इंडेक्स. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०७ म्हणजे ९७५, १११ म्हणजे १०९०, ११२ म्हणजे ११२०, १२० म्हणजे १४००. अक्षर वेगाचं आहे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०. ट्रेलर ओढताना ह्या वेगांच्या जवळपासही कुणी जात नाही, त्यामुळे अक्षर कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली गेलं नाही की झालं. आकड्याचं तसं नाही. २४५/७० आर१६ ही एकच साइझ बाजारात १०७ मध्येही मिळते आणि १११ मध्येही. साइझ तीच, पण दोघांत एका टायरमागे ११५ किलोंचा फरक. १११ वाल्यावर 'एक्सएल' किंवा 'एक्स्ट्रा लोड' असं लिहिलेलं असतं.

आता वजन. ट्रेलरचं नाक टो-बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्याला ट्रेलर जोडतात त्यावर, जे वजन टाकतं ते सर्वसाधारण ट्रेलरला एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं. फार कमी झालं तर ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागतो. समजा होडी, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून १५०० किलो, म्हणजे नाकावर १५०. हे १५० किलो मागच्या ॲक्सलवर १५० म्हणून उतरत नाहीत. हिच, म्हणजे ही जोडणी, ॲक्सलच्या मागे असते, त्यामुळे तिथे तरफ तयार होते. व्हीलबेस ३०९५ मिलिमीटर आणि टो-बॉल मागच्या ॲक्सलपासून १२५० मिलिमीटर मागे धरला, तर १५० ला ४३४५ ने गुणून ३०९५ ने भागा. मागच्या ॲक्सलवर २११ किलो येतात आणि पुढची चाकं ६१ किलोंनी हलकी होतात. पावसात उतारावर स्टिअरिंग हलकं लागतं, त्याचं एक कारण हेच.

नाकाचं वजन घरी मोजता येतं. बाथरूमचा काटा शंभर-सव्वाशेच्या पुढे जात नसेल तर एक जाड फळी घ्या. तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवा, विटेपासून काट्यापर्यंत अंतर तीन फूट. ट्रेलरचं नाक विटेपासून एक फुटावर टेका आणि काट्यावरचा आकडा तिपटीने वाचा. फळीचं स्वतःचं वजन काट्यावर किती दाखवतंय ते आधी वजा करा. ट्रेलर सपाट जमिनीवर आणि नाक टो-बॉलच्याच उंचीवर असायला हवं, नाहीतर आकडा चुकतो. चाकांना उटी, म्हणजे अडवायला दगड किंवा ठोकळा, लावायला विसरू नका.

मागच्या ॲक्सलचं वजन वजनकाट्यावर मोजा. गोव्यात डिचोली-सांखळीकडे खाणींमुळे, आणि इतरत्र भंगार आणि रेतीच्या धंद्यामुळे, काटे शोधावे लागत नाहीत. नेहमीचं सामान, नेहमीची माणसं, भरलेली टाकी आणि जोडलेला ट्रेलर अशी सगळी तयारी करून जा. गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर घ्या, पुढची चाकं आणि ट्रेलर काट्याबाहेर ठेवा. जो आकडा येईल त्याचा निम्मा एका टायरचा. मात्र रस्ता एका बाजूला झुकलेला असतो आणि आइसबॉक्स नेहमी एकाच कोपऱ्यात ठेवला जातो, म्हणून पाच-दहा टक्के वर धरा.

उदाहरण घेऊ. रिकाम्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर ८५० किलो आहेत, हौद्यात ७०० किलो सामान आहे आणि नाकाचे २११. एकूण १७६१, म्हणजे एका टायरवर ८८०. कागदावर १०७ चा टायर ९७५ पेलतो, म्हणजे चालेल असं वाटतं. पण मोटारगाडीच्या जातीचा टायर पिकअपला लावला तर त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची, अशी अमेरिकेतली पद्धत आहे. ओझ्याखाली पिकअप टायरला जास्त राबवते, म्हणून ही सूट. ९७५ भागिले १.१ म्हणजे ८८६. वर धरलेले पाच-दहा टक्के मिळवले की हा टायर संपला. १११ चा टायर ह्याच हिशोबाने ९९१ देतो. म्हणून ट्रेलरवाल्याला माझा सल्ला एकच: साइझ कंपनीचीच ठेवा आणि लोड इंडेक्स वरचा घ्या. एवढ्यात बहुतेकांचं काम भागतं.

एक गोष्ट इथेच सांगतो. टायर कितीही दणकट घातला तरी ॲक्सलची, स्प्रिंगची किंवा ब्रेकची मर्यादा वाढत नाही. मॅन्युअलमधला मागच्या ॲक्सलचा आकडा आणि ओढण्याची मर्यादा ह्यांच्या वर टायरच्या जोरावर जायचं नाही.

एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचे टायर, हा प्रकार आता आपल्याकडे चांगलाच खपतो. ह्यात एक मोठी गफलत होते. एलटी२४५/७५ आर१६, लोड रेंज ई, हा टायर घ्या. जवळपास १३८० किलोंची क्षमता त्यात आहे, पण ८० पीएसआयला. ५० ला तो साधारण १००० पेलतो आणि ३५ ला फक्त ७७०च्या आसपास. आता एखाद्याने १०७ चे साधे टायर काढून हे एलटी घातले आणि हवा सवयीने ३५ च भरली, तर साध्या टायरने त्याच हवेत ९००च्या वर पेललं असतं. जास्त पैसे मोजून क्षमता कमी करून घेतली! एलटी टायरला कंपनीचा लोड-टेबल, म्हणजे किती हवेला किती किलो ह्याचा तक्ता, असतो. तो दुकानदाराकडून किंवा कंपनीच्या साइटवरून घ्या आणि काट्यावर आलेल्या वजनाला लागेल तेवढी हवा भरा. आणि ६५ पीएसआयच्या वर जाणार असाल तर साधा रबरी वॉल्व चालत नाही, उच्च दाबाचा किंवा धातूचा बसवून घ्या. रिमची दाबाची मर्यादाही रिमच्या आतल्या बाजूला छापलेली असेल तर पाहा. रिकाम्या गाडीला तेवढीच हवा ठेवली तर फोंडा-मडगाव रस्त्यावर पाठ मोडेल, हे वेगळं सांगायला नको. ट्रेलर सुटल्यावर हवा कमी करायची आणि जोडताना पुन्हा भरायची. हा कंटाळा परवडत नसेल तर एलटी घेऊ नका, एक्सएल घ्या.

आता 'मोठा बसतो का' ह्या प्रश्नाकडे येऊ. २४५/७० आर१६च्या जागी २६५/७० आर१६ घातला तर व्यास ७७७.४ होतो, म्हणजे ३.७ टक्के मोठा. स्पीडोमीटरचा काटा आधी अचूक होता असं धरलं, तर तो ८० दाखवताना गाडी ८३ ने पळते. ओढही तेवढ्याच प्रमाणात घटते, साधारण ३.६ टक्के. २६५/७५ घातला तर व्यास ८०३.९, आणि ओढ जवळपास सात टक्के कमी. रिकाम्या गाडीत हे जाणवणार नाही. मोलेवरून अनमोड घाट चढताना मागे दीड टन असला की जाणवतं. जिथे तिसरा गिअर धरत होता तिथे दुसरा लागतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स वर-खाली करत राहतो आणि तेल तापतं. जेटीच्या उतारावरून होडी वर खेचताना तर अर्ध्या क्लचवर सगळा खेळ असतो. तिथे क्लचचा वास यायला लागला की समजायचं, टायरच्या हौसेची किंमत क्लचप्लेट भरतेय. फोर-व्हील लो असेल तर रॅम्पवर तोच वापरा.

ब्रेकलाही हेच लागू. चाक मोठं झालं की त्याच डिस्कला जास्त लांबीच्या तरफेशी झगडावं लागतं, शिवाय टायर स्वतः जड असतो. टो-बॉल व्यासाच्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे पहिल्या उदाहरणात १४ मिलिमीटर वर जातो. त्याने ट्रेलरचं नाक वर होतं आणि दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये मागच्या चाकांवर भार सरकतो. बॉल-माउंट, म्हणजे टो-बॉल ज्यावर बसतो तो भाग, बदलून हे सावरता येतं, पण कुणी मोजतच नाही.

दुकानात तीन टक्क्यांपर्यंत चालतं असं सांगतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला मी दोनच्या आत राहायला सांगेन. २५५/७० आर१६ चा व्यास ७६३.४, म्हणजे २४५/७० पेक्षा १.९ टक्के मोठा आणि लोड इंडेक्स १११. रुंदीही १० मिलिमीटरनेच वाढते, मूळच्या ७ इंची रिमवर बसतो. मोठं काही हवंच असेल तर इथे थांबा. गंमत म्हणजे २५५/६० आर१८ चा व्यास ७६३.२ आहे, जवळपास तोच. त्यामुळे १८ इंची गाडीवाल्याला १६ इंची रिमवर उतरायचं असेल तर व्यास न बिघडवता उतरता येतं, अट एवढीच की ब्रेकचा कॅलिपर १६ च्या रिममध्ये मावला पाहिजे. कड १५३ वरून १७८.५ होते. खाणीच्या रस्त्यावर, जांभ्याच्या दगडांत आणि खड्ड्यांत उंच कड रिम वाचवते. हायवेवर ट्रेलर ओढताना मात्र आखूड कड कमी डुलते. तुमचा बहुतेक प्रवास डांबरावर असेल तर १८ ला हात लावू नका.

मातीचे, मोठ्या गुट्ट्यांचे एमटी टायर ट्रेलरला नकोत. त्या गुट्ट्या ओझ्याखाली वळवळतात आणि मागून ट्रेलरने ढकललं की गाडीचं बूड सैल वाटतं. शेवाळलेल्या रॅम्पवरही त्यांचा फार उपयोग नाही, ओल्या शेवाळावर कुठलीच नक्षी धरत नाही. एचटी, म्हणजे हायवेचे, किंवा फार तर सौम्य एटी, म्हणजे सगळ्या रस्त्यांचे, घ्या. पावसाळ्यात रुंदीपेक्षा हवा आणि नक्षीची खोली महत्त्वाची. पाण्यावर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ढोबळ हिशोबाने, झिजलेला टायर साचलेल्या पाण्यात ३५ पीएसआयला ताशी ९८ किलोमीटरच्या आसपास आणि २५ ला ८३ च्या आसपास जमीन सोडतो. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर उरली तरी चालते. ट्रेलरवाल्याने जूनच्या आधी ३ मिलिमीटरला टायर बदलावेत.

बसवताना काय पाहायचं? चारही टायर एकाच साइझचे, एकाच बनावटीचे असावेत. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढे-मागे परिघात फरक असला तर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आवळली जाते. स्टेपनीही त्याच साइझची आणि त्याच लोड इंडेक्सची हवी, आणि ती हौद्याखालच्या जागेत बसते का ते बिल करण्याआधी पाहा. कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. मोठी साइझ असेल तर एक पुढचं चाक साधारण १५ सेंटिमीटरच्या लाकडी ठोकळ्यावर चढवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. लायनर, मडफ्लॅप, चासी ह्यांना टायर कुठे घासत नाही ना, ते हात घालून बघा. मागच्या चाकांना हीच तपासणी ट्रेलर जोडून आणि हौदा भरून करायची. पन्नास किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळा, पान्यावर उभं राहून नव्हे, टॉर्क रेंचने. कंपनीच्या साइझबाहेर जाणार असाल तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याची अट दोन्ही आधी विचारून घ्या.

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. घाट उतरून आल्यावर दाब चार-पाचने वाढलेला दिसेल, तो काढू नका.

राहिले ट्रेलरचे टायर. ते झिजून क्वचितच जातात, उभ्या-उभ्या जातात. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होडीसकट ट्रेलर अंगणात भिजत उभा राहतो आणि हवा हळूहळू उतरते. खाऱ्या पाण्यात बुडलेल्या रिमच्या कडेला गंज चढतो आणि टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी आतली कड, तिथे नीट टेकत नाही. पंक्चर सापडत नाही, हवा मात्र दर आठवड्याला कमी. अशा वेळी टायर उतरवून रिमची बीडची जागा तारेच्या ब्रशने घासा, प्रायमर मारा, वाळू द्या आणि मगच टायर चढवा. पावसाळ्यापूर्वी ट्रेलर जॅकवर किंवा चिऱ्यांवर उचलून ठेवा, म्हणजे टायरवर भार राहत नाही. रॅम्पवरून आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा, पण हब, म्हणजे बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग, गरम असताना पाण्यात घालू नका. आत पोकळी होऊन सील पाणी ओढतो आणि पुढचा खर्च बेअरिंगचा.